शॉक बदलण्याआधी डमी करा

माझ्या सायकलच्या सीट ट्यूबवर म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीवर, बॉटम ब्रॅकेटपासून (पेडल फिरतात त्या आसापासून) वीतभर वर, बोटाएवढी रुंद चमकती पट्टी आहे. रंग उडालाय, आतलं ॲल्युमिनियम दिसतं. नवीन ओळखीचे लोक विचारतात, दगड लागला का? दगड नाही, माझाच मागचा टायर लागला. तोही २१ वर्षं टूलरूममध्ये व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळणाऱ्या माणसाच्या सायकलला. भोसरीला आमच्या शॉपमध्ये हा किस्सा अजूनही चहाबरोबर निघतो.

सायकल फुल सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकांना झटके शोषायची सोय. पुढे १४० मिमी ट्रॅव्हल (चाक जास्तीत जास्त इतकं वर सरकतं), मागे १३०. मागचा शॉक २१०×५०, म्हणजे दोन टोकांच्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत २१० मिमी आणि दट्ट्या आत जातो ५० मिमी, हा त्याचा स्ट्रोक. एकाकडे २१०×५५ चा जुना शॉक विकायला होता. लांबी तीच, स्ट्रोक ५ मिमी जास्त. मी मनातल्या मनात १३० भागिले ५० केलं, २.६ आले, गुणिले ५, म्हणजे मागे १३ मिमी फुकट! शॉक आणला, बोल्ट जुळले, पार्किंगमध्ये बसून दाबून पाहिलं, छान वाटलं. रविवारी भंडारा डोंगराच्या बाजूला एका गुडघाभर उंच पायरीवरून उतरलो आणि खाली टेकताना ‘खर्र’ आवाज आला. मागचं चाक क्षणभर जागीच धरलं गेलं. पडलो नाही ते नशीब.

पार्किंगमध्ये बसून शॉक शेवटपर्यंत दाबला जात नाही. माझं ८२ किलो वजन टाकून तो निम्माही गेला नव्हता. शेवटचे ५ मिमी फक्त उडी टेकताना वापरले जातात, आणि टायर फ्रेमला लागायचा असेल तर तोही त्याच ५ मिमीत लागतो.

तेव्हापासून माझा नियम आहे: शॉकला हात लावायचा नाही, आधी डमी बनवायची.

डमी म्हणजे काय, तर शॉकच्या जागी बसणारी एक साधी पट्टी. ॲल्युमिनियमची चालेल, सागवानाची चालेल, १० मिमी जाडीची असली की झालं. तिला दोन भोकं पाडायची. शॉक पूर्ण दबल्यावर जेवढी लांबी उरते, तेवढं त्या दोन भोकांमधलं अंतर. २१०×५५ ला २१० वजा ५५, म्हणजे १५५ मिमी. मी आणखी २ मिमी कमी करतो आणि १५३ ठेवतो, कारण जोरात आदळल्यावर स्विंगआर्म (चाक धरणारा मागचा सांगाडा) आणि त्याला शॉकशी जोडणाऱ्या लिंक थोड्या वाकतात, बेअरिंगमध्ये थोडा खेळ असतो. पट्टीवर मी तीन भोकं पाडली: एका टोकाला एक, आणि दुसऱ्या टोकाला १५३ वर एक आणि १५५.५ वर एक. दुसरं कशाला ते पुढे येईल. फक्त ही दोन भोकं एकाच रेषेत पाडू नका, मध्ये अडीच मिमीचंच अंतर आहे, एकात एक घुसतील. मी पट्टीच्या दोन कडांना तिरकी घेतली. भोकाचं माप तुमच्या बोल्टप्रमाणे. घरी ड्रिल असेल तर सेंटर पंच मारून घ्या, नाहीतर ड्रिल घसरतं आणि डमीच खोटी होते.

ट्रनियन शॉक असेल तर वरच्या बाजूला आरपार भोक नसतं, दोन्हीकडून बोल्ट शॉकच्या अंगात आटतात. तिथे पट्टीऐवजी ठोकळा घ्यावा लागतो आणि त्याला दोन बाजूंनी आटे पाडावे लागतात. हे जमत नसेल तर शॉक काढून टाका, मागचं चाक वर उचला आणि दुसऱ्याला वरच्या-खालच्या बोल्टच्या मध्यांमधलं अंतर व्हर्नियरने धरायला सांगा. काम होतं, पण हात दुखतात आणि एकट्याने होत नाही.

सायकल स्टँडला लावताना सीटपोस्ट धरा, फ्रेम नको. शॉक सोडवला की मागचा सांगाडा एकदम खाली पडतो आणि ब्रेकचा पाइप ताणला जातो, म्हणून आधी चाकाखाली काहीतरी टेकू द्या. माझ्याकडे ऑइलचा रिकामा डबा असतो.

आता चाक वर उचलून डमी बसवा. सायकल तुमच्यासमोर पूर्ण दबलेल्या स्थितीत उभी राहील. पहिल्यांदा बघताना विचित्र दिसते, बसलेल्या उंटासारखी. याच अवस्थेत घाई न करता सगळीकडून बघायचं.

सगळ्यात आधी टायर आणि सीट ट्यूबमधली फट. माझ्या उंच बटणांच्या २.४ टायरला १५३ वर फट आली १ मिमी. स्टँडवर १, म्हणजे रस्त्यावर शून्य. ‘खर्र’चा उलगडा तिथेच झाला. मग कमी उंच बटणांचा २.३ टायर घातला, फट साडेपाच मिमी आली. टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका, रिमच्या रुंदीनुसार आणि हवेनुसार तोच टायर कमीजास्त फुगतो. तुमच्याच रिमवर, तुमच्याच हवेने मोजा. चाक हाताने डावीउजवीकडे ढकलूनही पाहा.

किती फट पुरे? कोरड्या दिवसांत मी ५ मिमीच्या खाली जात नाही. पावसाळ्यात ८. आपल्याकडची काळी माती जुलैमध्ये टायरला अशी चिकटते की दहा मिनिटांत टायर जाडजूड होतो, आणि त्या मातीत खडी असते. चिखलाने भरलेला टायर सीट ट्यूबला घासला की ती कानसच आहे. परदेशी व्हिडिओंत ‘तीन मिमी पुरे’ म्हणणारे लोक बहुधा मावळात पावसाळी राइडला आलेले नाहीत.

त्यानंतर सीटस्टेच्या (मागच्या चाकाकडून वर येणाऱ्या दोन नळ्यांच्या) मधला आडवा पूल सीट ट्यूबला लागतो का ते पाहा. रॉकरची (शॉकला दाबणाऱ्या लिंकची) वरची कड, शॉकचा डबा, बाटलीचा पिंजरा, सगळं. नुसत्या डोळ्यांनी कळत नसेल तर शंका असलेल्या जागी प्लास्टिसिनचा छोटा गोळा चिकटवा, डमी बसवा, काढा, आणि चपटा झालेला गोळा मोजा. आमच्याकडे डायची फट अशीच तपासतात.

आता सीट पूर्ण खाली करा. हे बहुतेकजण विसरतात. माझ्या भाच्याची फ्रेम लहान मापाची आणि चाकं २९ इंची. त्याच्या सायकलला सीट ट्यूबपाशी ढीगभर जागा होती, पण ड्रॉपर (सीट खाली-वर करणारा सीटपोस्ट) खाली केल्यावर टायर थेट सीटच्या शेपटाला टेकत होता. उतारावर सीट खालीच असते आणि शॉक उतारावरच पूर्ण दबतो. त्याला मी सरळ नाही म्हटलं. तो अजून माझ्यावर थोडा रागावलेला आहे.

शेवटी चेन. मागचं चाक वर जाताना बहुतेक फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेटपासूनचं त्याचं अंतर वाढतं आणि चेन ओढली जाते. डमी लावूनच चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर घाला. डिरेल्युअरचा पिंजरा पुढे ताणून सरळ झाला असेल तर चेनमध्ये कड्या वाढवाव्या लागतील. ब्रेकचा पाइप आणि गिअरची केबलही याच वेळी पाहा.

यातलं काहीही अडलं तर तिथेच थांबा. खर्च शून्य झालेला असतो.

डमी काढल्यावर, शॉक परत बसवण्याआधी, एक हौसेचं काम. शॉकची जागा मोकळी ठेवून चाक टप्प्याटप्प्याने उचलायचं, बोल्टमधलं अंतर दर १० मिमीने कमी करत जायचं, आणि प्रत्येक टप्प्याला मागचा ॲक्सल किती वर गेला ते मोजायचं. माझ्या फ्रेमला आलेले आकडे: पहिल्या १० मिमीला २८.५, मग २७, २६, २५ आणि शेवटच्या १० ला २३.५. बेरीज बरोबर १३०. म्हणजे २.६ ही फक्त सरासरी. सुरुवातीला लिव्हरेज (शॉकच्या १ मिमीला चाक किती मिमी हलतं तो आकडा) २.९ च्या आसपास, शेवटाकडे २.३. नवे ५ मिमी शेवटाला जोडले जातात, म्हणून मिळतात १३ नाही, ११. एकूण १४१. ज्या फ्रेमचा लिव्हरेज शेवटाकडे जास्त उतरतो, तिथे आणखी कमी मिळणार. तुमची फ्रेम कशी आहे हे कंपनीच्या जाहिरातीतून कळणार नाही, टेपने कळेल.

आता शॉककडे वळू. इथे माझी दुसरी फजिती.

२०१६ मध्ये रॉकशॉक्स या सस्पेन्शनच्या कंपनीने शॉकची मेट्रिक मापं आणली आणि हळूहळू बाकीचेही त्या मापांवर आले. या पद्धतीत एकाच लांबीत अडीच-अडीच मिमीच्या पायऱ्यांनी स्ट्रोक मिळतात: २१० मध्ये ५०, ५२.५, ५५, २३० मध्ये ५७.५, ६०, ६२.५, ६५. बऱ्याच वेळा या सगळ्यांचं अंग एकच असतं, आत प्लास्टिकची रिंग घालून स्ट्रोक कमी केलेला असतो. माझा मूळ ५० चा शॉक सर्व्हिसला उघडला तेव्हा आत अडीचच्या दोन रिंगा निघाल्या. जो ५५ चा शॉक मी पैसे मोजून आणला होता तो माझ्याकडे आधीपासून होता, आत दोन रिंगा घालून बसलेला. विकत आणलेला शॉक आता एका मित्राच्या सायकलवर आहे, पडत्या भावात.

म्हणून आधी तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल काढा आणि रिंग कुठे आहे ते पाहा. एअर कॅनमध्ये (हवा भरतात त्या बाहेरच्या डब्यात) असेल तर घरी जमतं. डॅम्परच्या (शॉकची हालचाल आवरणाऱ्या तेलाच्या भागाच्या) आत असेल तर तो भाग दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो. तिथे हात घालू नका, सर्व्हिसवाल्याला द्या. आणि रिंग आहे म्हणजे काढायला परवानगी आहे असं नाही. काही कंपन्या स्वतःच सांगतात: ट्रान्झिशन या सायकल कंपनीने आपल्या दुसऱ्या पिढीच्या सेंटिनेल मॉडेलला ६० ऐवजी ६५ मिमी स्ट्रोकला मान्यता दिली होती, १५० चे १६० होतात. बाकी बऱ्याच ठिकाणी वॉरंटी जाते. पहिल्या वर्षाच्या आतली सायकल असेल तर मी तरी हे करणार नाही.

एअर कॅन उघडताना हवा एका दमात सोडू नका. थोडी सोडा, शॉक दोन-तीनदा दाबा, पुन्हा थोडी सोडा. आत निगेटिव्ह चेंबर (शॉकला उलट, आत ओढणाऱ्या हवेचा छोटा कप्पा) असतो, तिथली हवा मुख्य चेंबरबरोबर उतरायला हवी. हवा सोडल्यावर शॉक आत ओढला जाऊन तसाच बसला, तर तिथे हवा अडकली आहे असं समजा. पुन्हा हवा भरून तो बाहेर येतो का पाहा. नाही आला तर उघडू नका. अडकलेल्या दाबाने कॅन उडून तोंडावर येऊ शकते, हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही. शॉपमध्ये न्यूमॅटिक सिलिंडर दाब न सोडता उघडणाऱ्या मुलाचा हात मी पाहिला आहे.

सगळी हवा गेल्याची खात्री झाली की व्हॉल्व्हची कोअर काढा, मग कॅन फिरवा. हाताने नाही फिरली तर पट्ट्याचा पाना वापरा. पाइप पाना लावलात तर चरे पडतील. रिंग काढा, सगळं बिनधाग्याच्या कापडाने पुसा, सील कापली आहेत का भिंग लावून पाहा. उघडलंच आहे तर सील किट बदलून टाका. ग्रीस सस्पेन्शनचंच, पातळ थर. बेअरिंगचं पिवळं ग्रीस सीलला चालत नाही. काढलेली रिंग पाकिटात घालून, तारीख लिहून ठेवा.

रिंग का जपायची? कारण मी पावसाळ्याआधी एक रिंग परत आत घालतो. ५२.५ मिमी स्ट्रोक, त्याच २.३ टायरला ८ मिमी फट. डमीवरचं १५५.५ चं भोक त्यासाठीच: २१० वजा ५२.५ वजा माझे २. ट्रॅव्हल १३५-१३६ उरतो. एअर कॅनची सर्व्हिस तशीही पावसाळ्याच्या आधी आणि नंतर करायचीच असते, त्यात पाच मिनिटं जास्त.

बसवताना बोल्ट पुसून घ्या, टॉर्क फ्रेमवर छापलेला असतो तेवढाच. टॉर्क रेंच नसेल तर कोणाचा तरी आणा, अंदाजाने नको. हवा भरायला शॉक पंपच हवा. साध्या उभ्या पंपाने २०० पीएसआयच्या आसपास जाता येत नाही, आणि पेट्रोल पंपावरच्या हवेचा विषयच नको. १०० पीएसआय झाले की थांबून शॉक आठ-दहा वेळा दाबा, म्हणजे निगेटिव्ह चेंबर भरेल. मग पुढे.

सॅग (सायकलवर नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते) परत लावावा लागतो. जुन्या हवेला मी १५ मिमी बसत होतो, म्हणजे ५० चे ३० टक्के. त्याच हवेला आताही १५ मिमीच बसतो, पण ते ५५ चे २७ टक्के. साडेसोळा मिमी हवे म्हणून हवा थोडी कमी केली. त्यामुळे बसल्यावर मागची बाजू चाकापाशी साधारण ४ मिमी खाली जाते. ऐकायला काहीच नाही, पण पहिल्या आठवड्यात पेडल तीनदा दगडाला लागलं. शिवाय दट्ट्या जास्त आत जातो म्हणजे हवा जास्त दाबली जाते, शेवट जड होतो. दोन राइडनंतरही दट्ट्यावरची ओ-रिंग (शॉक किती दबला ते दाखवणारी रबरी कडी) ५० च्या पुढे जात नसेल, तर आतले व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारे तुकडे) एकेक करून कमी करा. नाहीतर कागदावर १४१ आणि रस्त्यावर १३० असंच राहील.

ट्रॅव्हल वाढवायच्या आणखी दोन वाटा मी मुद्दाम मागे ठेवल्या होत्या, कारण लोक आधी त्याच विचारतात.

पहिली: जास्त लांबीचा शॉक. २१० ऐवजी २२० बसवला तर काय? माझ्या फ्रेमवर करून पाहू. सुरुवातीचा लिव्हरेज २.९, म्हणजे १० मिमीला मागचं चाक फ्रेमच्या मानाने २९ मिमी खाली जातं. व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या मध्यांमधलं अंतर) १२००, चेनस्टे (बॉटम ब्रॅकेट ते मागचा ॲक्सल) ४३५ धरला तर बॉटम ब्रॅकेट जवळजवळ १८ मिमी वर येतो आणि हेड अँगल (पुढच्या फोर्कचा कल) जवळपास दीड अंशाने उभा होतो. सायकल पुढे ढकलल्यासारखी वागते. उताराला नेमकं उलटं हवं असतं. नको.

दुसरी: रॉकर बदलणं. अमेरिकेत कॅस्केड कंपोनंट्ससारखे लोक ठरावीक फ्रेमसाठी लिंक बनवून विकतात, अभ्यास करून. मी हौसेने स्वतःचा बनवला होता. ७०७५ ॲल्युमिनियमची प्लेट, व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) मशीनिंग, शॉकचं भोक ३ मिमी सरकवलं. सरासरी लिव्हरेज २.९ झाला, ५० च्याच स्ट्रोकला १४५ मिमी. आमच्या फोरमननी जॉब हातात घेऊन फिनिशला शाबासकीही दिली. पण लिव्हरेज वाढला की शॉकवर येणारा जोर त्याच प्रमाणात वाढतो. १९० पीएसआयवर चालणारा शॉक २१० च्या पुढे मागायला लागला, रिबाउंड (शॉक परत उसळण्याचा वेग) पूर्ण बंद करूनही मागचं चाक लाथ मारायचं. चौथ्या महिन्यात धुताना बेअरिंगच्या सीटपासून निघालेला केसासारखा तडा दिसला. मी कोपरा धारदार सोडला होता, रेडियस (गोलाई) दिला नव्हता. हे मी रोज दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर लाल पेनाने लिहितो. तो रॉकर स्क्रॅपच्या ट्रेमध्ये गेला.

फोर्कचं विचाराल तर माझा १४० च आहे. एअर शाफ्ट बदलून १५० करता येतो, १० मिमीला हेड अँगल साधारण अर्धा अंश पडतो, पण फ्रेमची मर्यादा किती फोर्कची आहे ते आधी पाहा. मागे १४१ आणि पुढे १४० यात मला काही खटकलं नाही. खरं सांगायचं तर ११ मिमी ट्रॅव्हलपेक्षा टायरची हवा २ पीएसआयने कमी केल्याचा फरक मला जास्त जाणवतो. पण टायरची हवा कमी करायला डमी लागत नाही, मग रविवारी शॉपमध्ये जायला कारण काय सांगणार.

पहिल्या दोन राइडनंतर सगळे बोल्ट परत टॉर्कला लावा. सीट ट्यूबवर जिथे टायर जवळ येतो तिथे मास्किंग टेपची पट्टी चिकटवा आणि प्रत्येक राइडनंतर बघा. टेपला पुसटसा काळा डाग आला तरी रिंग परत आत. माझी टेप मार्चपासून स्वच्छ आहे. २१० ची डमी माझ्या बेंचच्या वर खिळ्याला टांगलेली असते. २३० ची अजून केली नाही, पुढच्या आठवड्यात एकाची ६५ स्ट्रोकची सायकल येते आहे तेव्हा १६३ वर भोक पाडीन.